विजेच्या टेंपोचा घसारा



ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, आरोग्य अशा विषयांवर विद्वान मंडळी बोलतात, त्या व्यासपीठावर टेंपोच्या किमतीबद्दल बोलण्यास उभे राहताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यापुढचे जे काही शिकलो ते ट्रकच्या केबिनमध्ये, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा भाषेत काही उणे-अधिक झाल्यास आपण सांभाळून घ्यावे. हिशेबात मात्र सांभाळून घेऊ नये. हिशेब चुकला तर येथेच उठून सांगावे.

विषय आम्ही मुद्दाम निवडला. कणकवली हे महामार्गावरचे गाव. फोंडाघाटाकडून घाटावरचा भाजीपाला येतो, मालवण-देवगडकडून मासळी आणि हापूस येतो, आणि रेल्वे स्टेशनापासून बाजारपेठेपर्यंत, बाजारपेठेपासून वाडीवाडीपर्यंत तो पोचवितो तो टेंपो. आपल्या घरात सकाळी जे शिजते त्यातले अर्धेअधिक कोणाच्या तरी टेंपोतून आलेले असते. त्या टेंपोचा मालक आणि ड्रायव्हर बहुधा एकच असतो. त्याच्या डोक्यावर कर्ज असते आणि त्याची सारी कमाई त्या चार चाकांत अडकलेली असते. गेल्या काही वर्षांत ह्या टेंपोंत विजेवर चालणारे टेंपो दिसू लागले. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे असली की तो विजेवरचा आणि भाड्याने चालणारा, हे आता पोरेसुद्धा ओळखतात. हा टेंपो जुना झाला की त्याचे काय मोल येते, आणि ते कमी आले तर कोणाच्या पोटाला चिमटा बसतो, एवढाच आजचा विषय.

‘टेंपो’ ह्या शब्दाबद्दल दोन वाक्ये. हा शब्द मराठी नव्हे आणि इंग्रजीही नव्हे. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे ‘टेंपो’ नावाचा मोटारींचा कारखाना होता. त्याच्या सहकार्याने १९५८ साली आपल्या देशात बजाज टेंपो ही कंपनी निघाली आणि तिची तीनचाकी मालवाहू गाडी रस्त्यावर आली. ती गाडी गेली, कंपनीचे नावही पुढे बदलले, पण शब्द आपल्या तोंडात राहिला. २००५ साली टाटांची एस ही छोटी चारचाकी आली, तिला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हटले, तरी भाडे ठरविताना आपण ‘टेंपो सांगितला’ असेच म्हणतो.

आता घसारा म्हणजे काय ते पाहू. पाटा-वरवंटा रोज झिजतो, पण दिसत नाही. दहा वर्षांनी टाकी लावायला माणूस बोलवावा लागतो तेव्हा कळते. यंत्राचेही तसेच. वापराने, वयाने आणि बाजारात नवे चांगले यंत्र आल्याने जुन्याची किंमत उतरते. त्या उतरण्यास जमाखर्चात घसारा म्हणतात. ह्यांतली तिसरी गोष्ट, नवे यंत्र येणे, ही मालकाच्या हातातली नव्हे, आणि विजेच्या टेंपोच्या बाबतीत तीच सर्वांत जड आहे. तिच्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

एकाच गाडीचा घसारा तीन वह्यांत तीन प्रकारे लिहिला जातो. आकडे घेऊनच बोलू. जून २०२५ मध्ये टाटांचा एस प्रो हा लहान टेंपो आला. ७५० किलो माल नेणारा. पेट्रोलवरचा ३ लाख ९९ हजारांपासून आणि विजेवरचा ६ लाख ५० हजारांपासून. विजेवरचा टेंपो दोन वर्षे पुरी चालला असे धरा. पहिली वही विमा कंपनीची. विम्याच्या नेहमीच्या तक्त्याप्रमाणे दोन वर्षे ओलांडलेल्या गाडीच्या किमतीतून शेकडा ३० वजा करतात. म्हणजे विम्याच्या कागदावर ती गाडी ४ लाख ५५ हजारांची. दुसरी वही आयकराची. १९६१ च्या आयकर कायद्याखालील तक्त्यात भाड्याने चालणाऱ्या साध्या मोटारीस दरसाल शेकडा ३० घसारा दिलेला होता आणि विजेच्या वाहनास शेकडा ४०. ह्या हिशेबाने साडेसहा लाख पहिल्या वर्षाअखेर ३ लाख ९० हजार होतात आणि दुसऱ्या वर्षाअखेर २ लाख ३४ हजार. सरकारने हा दर विजेच्या गाडीस उत्तेजन म्हणून दिला. त्याचा लाभ मोठ्या वह्या ठेवणाऱ्या कंपन्यांस झाला, आमच्या ड्रायव्हरची वही म्हणजे खिशातली डायरी.

तिसरी वही बाजाराची. ती कोठे छापलेली नसते. दारात गिऱ्हाईक येऊन उभे राहते आणि जो आकडा बोलते तीच ती वही. विमावाल्याचे साडेचार लाख आणि आयकरवाल्याचे सव्वादोन लाख ह्यांच्यामध्ये बाजार कोठे उभा आहे, ह्यावर एका कुटुंबाची झोप अवलंबून असते.

ती कशी, हे सांगण्यासाठी आमची स्वतःची एक गोष्ट सांगतो. १९९६ साली आम्ही एक जुना डिझेलचा तीनचाकी टेंपो घेतला. सात वर्षे चालविला. २००३ च्या पावसाळ्यात वडील आजारी पडले, त्यांस कोल्हापुरास नेण्याची वेळ आली. घरात रोकड नव्हती, सोने नव्हते. टेंपो होता. संध्याकाळी मिस्त्रीच्या गॅरेजवर गोष्ट काढली आणि तिसऱ्या दिवशी तो विकला गेला; घेतला होता त्याच्या जवळजवळ निम्म्या पैशांस. कोणी म्हणेल तोटा झाला. आम्ही म्हणतो तो टेंपो नव्हता, ती आमची बँक होती. सात वर्षे त्याने पोट भरले आणि शेवटी वडिलांचे ऑपरेशन केले. कष्टकरी माणसाला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. विकता येईल अशी एक वस्तू, एवढीच त्याची म्हातारपणाची काठी. म्हणून फेरविक्रीची किंमत हा आम्ही दलालांचा विषय समजत नाही. तो कामगारांचा विषय आहे.

डिझेलचा टेंपो तीन दिवसांत विकला गेला, कारण तो तपासण्याची विद्या गावोगावच्या मिस्त्र्यांस ठाऊक होती. मिस्त्री इंजिन चालू करतो, कान देतो, धुराचा रंग पाहतो, तेलाचे झाकण उघडून दाब मागे मारतो का ते पाहतो, चासीला वेल्डिंग केले आहे का ते हाताने चाचपतो. आर.सी. बुकावर बोजा आहे का ते पाहतो. अर्ध्या तासात त्याचे मत होते आणि घेणाऱ्याचा त्यावर विश्वास असतो. इंजिन बिघडलेच तर ते खोलायला, बोअर करायला, नवी रिंग-पिस्टन घालायला माणसे आहेत. म्हणजे जुन्या गाडीची किंमत ही नुसती लोखंडाची किंमत नव्हे. तिच्यात मिस्त्र्यांची विद्या, सुट्या भागांची दुकाने आणि चार पिढ्यांचा भरवसा मिसळलेला असतो.

आता विजेच्या टेंपोकडे वळू. न्यायाने बोलायचे तर यंत्र म्हणून तो डिझेलपेक्षा सरस आहे. त्यात पिस्टन नाही, क्लच नाही, गिअरची खटपट नाही, ऑईल बदलणे नाही. विजेची मोटर फार काळ टिकते. मुंबईत १९०७ साली विजेची ट्राम सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. त्या सत्तावन्न वर्षांत मुंबईच्या कामगारांच्या पिढ्या तिने गिरणीत नेऊन सोडल्या. फोंडाघाट उतरताना डिझेलवाला ब्रेक तापवितो. विजेचा टेंपो उतारावर उलट थोडी वीज परत मिळवितो. आवाज नाही, धूर नाही. बारा तास स्टेअरिंगमागे बसणाऱ्या माणसाच्या कमरेला आणि कानाला ह्याचे मोल विचारा.

पण ट्रामला वीज वरच्या तारेतून मिळत होती. टेंपोला ती पाठीवर वाहून न्यावी लागते. ती शिदोरी म्हणजे बॅटरी, आणि गाडीच्या किमतीतला सर्वांत मोठा एकटा भाग तोच. बॅटरी झिजते ती डोळ्यांस दिसत नाही. आज शंभर मापे वीज मावत असेल तर काही वर्षांनी नव्वद मावते, मग ऐंशी. टेंपो चालतो, वेगही तोच, पण एका चार्जिंगमध्ये जाण्याचे अंतर कमी होते. ऐंशीच्या खाली आली की ती गाडीच्या कामातून उतरली असे मानण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. ही झीज किती वेळा भरली-रिकामी केली ह्यावर अवलंबून असते, त्याचप्रमाणे उन्हाने तापणे, दर वेळी घाईच्या जलद चार्जरवर भरणे, पार रिकामी करून ठेवणे ह्यांनीही ती वाढते. म्हणजे दोन सारख्या गाड्या, एकाच दिवशी घेतलेल्या, मीटरवर सारखेच किलोमीटर. पण एकीची बॅटरी सशक्त आणि दुसरीची अशक्त असू शकते. ड्रायव्हरने गाडी कशी वापरली ह्याची साक्ष बॅटरीच्या पोटात असते आणि ती वाचण्याचे यंत्र आमच्या मिस्त्रीकडे नाही, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये आहे.

आमच्या युनियनमधल्या एका सोबत्याचा अनुभव सांगतो. त्याचे नाव सांगत नाही, गाडी कोणत्या कंपनीची तेही सांगत नाही; कारण दोष एका कंपनीचा नव्हे. त्याने नवा विजेचा टेंपो घेतला. दोन वर्षे उत्तम चालविला, हप्ता एकही चुकविला नाही. मग बायकोच्या आजारपणात गाडी विकण्याची वेळ आली. एका संध्याकाळी कचेरीत येऊन म्हणाला, “काकानू, गाडी इकूक काढलंय. पण गिऱ्हाईक गावणा नाय.” आम्ही त्याच्याबरोबर चार ठिकाणी फिरलो. घाटावरचा एक व्यापारी आला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, आत बसून चालवून पाहिली, खूश झाला. आणि शेवटी म्हणाला, “गाडी झकास हाय हो. पण बॅटरीच्या पोटात काय हाय ते कुनी सांगायचं? उद्या बसली तर मी काय करू?” त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. सोबती म्हणत होता बॅटरी उत्तम आहे, आणि ते खरेही होते. पण विकणाऱ्याच्या तोंडच्या शब्दाला बाजारात किंमत किती? त्या व्यापाऱ्याने वाईटात वाईट धरून भाव सांगितला. म्हणजे आमच्या सोबत्याने दोन वर्षे बॅटरी जिवापाड जपली त्याचे फळ त्याला शून्य मिळाले. चांगली बॅटरी आणि वाईट बॅटरी ह्यांना बाजारात एकच भाव, तोही वाईटाचा. ज्या बाजारात चांगले-वाईट ओळखता येत नाही, तेथे प्रामाणिक माणूसच नागवला जातो.

कर्जाचे काय झाले, तेही पाहू. येथे आम्ही त्या सोबत्याचे आकडे देत नाही, सोयीचे आकडे धरतो. सहा लाखांचे कर्ज, पाच वर्षे मुदत, उतरत्या शिलकीवर शेकडा १२ व्याज. महिन्याचा हप्ता सुमारे १३ हजार ३५० रुपये. दोन वर्षांत चोवीस हप्ते, म्हणजे ३ लाख २० हजार रुपये भरून झाले. तरीही देणे किती उरते? सुमारे चार लाख. कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच फार जाते. आता बाजाराने तीन लाखांचा भाव केला तर गाडी देऊन वर एक लाख पदरचे भरायचे. गाडी गेली आणि कर्ज राहिले! आमच्या वेळी टेंपोने वडिलांचे ऑपरेशन केले. येथे आजारी बायको एकीकडे आणि गेलेल्या गाडीचे देणे दुसरीकडे. हा फरक ज्याच्या ध्यानात आला त्याला आजचा विषय कळला.

हे केवळ कोकणातल्या गरिबाचेच होते असे नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनीने एफ-१५० लाइटनिंग हा विजेवरचा मोठा पिकप २०२२ साली बाजारात आणला. त्याच्या सर्वांत साध्या नमुन्याची किंमत सुमारे ४० हजार डॉलर होती, ती चढत जवळजवळ ६० हजारांवर गेली. आणि जुलै २०२३ मध्ये कंपनीने एका दिवसात ती ५० हजारांवर आणली. ज्याने आदल्या महिन्यात घेतला त्याचा एका सकाळीत दहा हजार डॉलरचा घसारा झाला. गाडी तीच, चाके तीच. डिसेंबर २०२५ मध्ये तर तो पिकप निव्वळ विजेच्या रूपात बनविणे थांबवीत असल्याचे कंपनीने जाहीर केले. भाड्याने मोटारी देणाऱ्या हर्ट्‌झ कंपनीने २०२१ साली एक लाख विजेच्या मोटारी घेण्याचा गाजावाजा केला होता. जानेवारी २०२४ मध्ये त्यांतल्या वीस हजारांच्या आसपास गाड्या विकायला काढल्या आणि घसाऱ्यापोटी २४ कोटी ५० लाख डॉलरचा खर्च वहीत लिहिला. एवढी मोठी कंपनीही ह्या खड्ड्यात पडली. पण तिला खर्च लिहायला वही होती. आमच्या सोबत्याला ती सोयही नव्हती.

हे असे का होते? बॅटरी स्वस्त होत आहे म्हणून. २०१० साली एक युनिट वीज साठविणाऱ्या बॅटरीला हजार डॉलरच्या वर पडत होते. २०२४ साली जगभराची सरासरी ११५ डॉलरवर आली. ही जगाच्या दृष्टीने आनंदाची गोष्ट आहे. पण काल ज्याने महाग बॅटरी घेतली त्याची शिदोरी आज स्वस्त झाली. नवा स्वस्त आणि जास्त पल्ल्याचा मिळत असेल तर जुना कोण घेईल? त्यात सरकारचे उत्तेजन नव्या गाडीला. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या गाडीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, आपल्या राज्याने विजेच्या वाहनांस मोटार-करात सूट दिली. ते योग्यच झाले. परंतु नव्याची किंमत जेवढी खाली येते तेवढीच जुन्याचीही खाली ओढली जाते. हा नियम पेट्रोल-डिझेललाही लागू आहे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा जुन्या टेंपोवाल्यांच्याही गाड्या एका रात्रीत उतरल्या. उत्तेजनाची मिठाई शोरूमच्या दारात वाटली जाते. गॅरेजच्या दारात उभ्या असलेल्या जुन्या मालकाच्या वाट्याला कागद येतो.

मग काय विजेचा टेंपो घेऊ नये? युनियनच्या सभेत हा प्रश्न येतोच. आमचे उत्तर हिशेबाचे आहे. पुन्हा सोयीचे आकडे धरू, प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. रोज साठ किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे दीड हजार किलोमीटर. पेट्रोलचा टेंपो लिटरला अठरा आणि पेट्रोल १०५ रुपये धरले तर महिन्याला ८ हजार ७५०. विजेच्या टेंपोला शंभर किलोमीटरला १६ युनिट आणि युनिटला १० रुपये धरले तर २ हजार ४००. महिन्याची बचत सहा हजारांच्या वर, वर्षाची सुमारे पाऊण लाख. किमतीतला फरक अडीच लाखांचा. म्हणजे तीन-साडेतीन वर्षांत फरक वसूल.

आता त्यात फेरविक्री घाला. पाच वर्षांनी दोन्ही टेंपो दोन-दोन लाखांस गेले असे धरू, म्हणजे विजेच्या टेंपोवर बाजाराने काही मेहेरबानी केली नाही. पेट्रोलवाल्याचे गेले दोन लाख, वीजवाल्याचे गेले साडेचार लाख. फरक अडीच लाख. पण पाच वर्षांत इंधनात वाचले पावणेचार लाख. वीजवाला सव्वा लाखाने वरच राहिला. आता तोच टेंपो रोज वीसच किलोमीटर चालला तर? बचत एक तृतीयांश, पाच वर्षांत सव्वा लाख. आणि तो सव्वा लाखाने खाली. आणि रोज साठ चालवूनही दुसऱ्याच वर्षी विकावा लागला तर? बचत दीड लाखाची, आणि घसारा त्याच्या कितीतरी पुढे गेलेला.

ह्यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, ज्याचे चाक फार फिरते त्याला विजेचा टेंपो लाभतो आणि ज्याचे उभे असते त्याला बुडवितो. मालवणचा ऐंशी-नव्वद किलोमीटरचा मासळीचा फेरा रोज असणाऱ्याने तो खुशाल घ्यावा. दीड महिन्याच्या आंब्याच्या हंगामापुरता टेंपो लागणाऱ्याने घेऊ नये. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. घसाऱ्याचा मार बसतो तो लवकर विकणाऱ्याला. आणि लवकर विकतो कोण? हौस म्हणून विकणारे थोडे. आजारपण, मुलीचे लग्न, अपघात, भाडे सुटणे ह्यांनी ज्याची कोंडी होते तो विकतो. म्हणजे ही बचत सुखी माणसाला मिळते आणि तोटा अडलेल्याला बसतो. कामगार चळवळीतल्या माणसाने येथे गप्प बसणे बरे नव्हे.

मोठ्या माल पोचविणाऱ्या कंपन्यांनी ह्यावर आपली युक्ती काढली आहे. त्या गाड्या विकत घेत नाहीत. ड्रायव्हरला म्हणतात, तू गाडी घे, आम्ही काम देतो. काम कराराने, महिन्या-महिन्याचे; कर्ज पाच वर्षांचे. भाड्याचा दर कंपनी ठरविते, घसारा ड्रायव्हर सोसतो. त्याला ‘भागीदार’ असे गोड नाव देतात. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईत गिरणीकामगारांची संघटना उभी केली तेव्हा गिरणीतला साचा निदान मालकाचा होता. तो झिजला तर मालकाचा झिजत होता. आता साचाही कामगाराच्याच डोक्यावर. म्हणून आमची पहिली मागणी अशी की भाड्याचा दर ठरविताना किलोमीटरमागे घसारा त्यात धरला गेला पाहिजे. साडेचार लाखांचा घसारा आणि नव्वद हजार किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला पाच रुपये. चार्जिंगला किलोमीटरला दीड-दोन रुपये पडतात म्हणून जो आनंदाने कमी भाडे घेतो, तो आपली गाडी थोडी थोडी करून विकतो आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही.

दुसरी मागणी, बॅटरीच्या दाखल्याची. गाडी विकताना बॅटरीत किती दम उरला आहे ह्याचा दाखला कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपने माफक फीमध्ये दिलाच पाहिजे, आणि तो आर.सी. बुकाइतका मानला गेला पाहिजे. हे अशक्य नाही. युरोपातील देशांनी २०२३ साली कायदा केला आहे. त्याप्रमाणे १८ फेब्रुवारी २०२७ पासून तेथे मोटारीच्या बॅटरीला स्वतःचा पासपोर्ट लागणार आहे. माणसाला पासपोर्ट मिळायला आमच्याकडे वेळ लागतो हे खरे. बॅटरीला तरी लवकर मिळो!

तिसरी गोष्ट सरकारकडे मागण्याची नव्हे, आपणच करण्याची. नवा टेंपो घेताना तीन प्रश्न लेखी विचारावेत. बॅटरीची हमी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची? ती किती टक्के दम उरेपर्यंतची? आणि गाडी विकल्यावर ती हमी दुसऱ्या मालकाला मिळते की नाही? ह्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर भाव तेथेच पडला असे समजावे. कर्जाची मुदत हमीच्या मुदतीपेक्षा कधीही लांब नसावी. पहिली भरणी जेवढी जास्त करता येईल तेवढी करावी, म्हणजे कर्ज गाडीच्या पुढे धावत नाही. गाडी सावलीत उभी करावी, जलद चार्जर अडचणीपुरता, एरव्ही रात्री घरी सावकाश भरावी. पावसाळ्यात गाडी बसून राहणार असेल तर बॅटरी पार रिकामी ठेवू नये. मासळी वाहणाऱ्याने खाऱ्या पाण्याची गळती रोजच्या रोज गोड्या पाण्याने धुवावी, कारण खारा गंज बॅटरीच्या आधी चासीला खातो. आणि एक वही ठेवावी: तारीख, किलोमीटर, किती युनिट भरले, किती चालली. दोन वर्षांची अशी वही घाटावरच्या व्यापाऱ्यापुढे ठेवली असती तर आमच्या सोबत्याला थोडा तरी जास्त भाव आला असता, असे आम्हांस आजही वाटते.

चौथी गोष्ट सहकाराची. बॅटरी गाडीपासून वेगळी करून तिचे भाडे द्यावे, ही कल्पना आता नवी म्हणून सांगितली जाते. पण अमेरिकेत हार्टफर्ड येथील वीज कंपनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच विजेच्या ट्रकवाल्यांना अशी सेवा देत होती. ट्रक मालकाचा, बॅटरी वीज कंपनीची, आकार मैलामागे. बॅटरीचा घसारा त्यामुळे एका माणसाच्या डोक्यावरून सगळ्यांत वाटला जातो. चाळीस-पन्नास टेंपोवाल्यांची सहकारी सोसायटी झाली तर स्वतःचा चार्जर, स्वतःचे तपासणीचे यंत्र, स्वतःचा शिकलेला मिस्त्री हे होऊ शकते. अडलेल्या सभासदाची गाडी सोसायटीने योग्य भावाने घ्यावी आणि सवडीने विकावी. उतरलेल्या बॅटऱ्या मोडीत घालण्याऐवजी सूर्यशक्तीची वीज साठविण्यास वापरता येतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. ती टाळली जात नाही ना, हेही सोसायटीच पाहू शकेल.

ह्याच कणकवलीत वागदे येथे अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली गोपुरी आश्रम सुरू केला. ज्या गोष्टीला जग टाकाऊ म्हणते तिच्यात मोल शोधावे, आणि ज्याच्या हाताला घाण लागते त्याचा मान राखावा, हे त्या माणसाने येथे आयुष्यभर करून दाखविले. ज्या गावाने मैल्यातले आणि शेणातले मोल पाहिले, त्या गावाला जुन्या बॅटरीतले आणि जुन्या टेंपोतले मोल दिसणार नाही असे आम्ही मानत नाही.

आमच्या त्या सोबत्याने गाडी शेवटी विकली. बायको बरी आहे. तो आता दुसऱ्याच्या डिझेलच्या टेंपोवर पगारी ड्रायव्हर आहे आणि उरलेले कर्ज फेडतो आहे. परवा भेटला तेव्हा आम्ही त्याला ह्या व्याख्यानाबद्दल सांगितले. तो म्हणाला, “सांगा काकानू, पण गाडी वायट होती असा सांगू नकात. गाडी बरी होती.” त्याचा शब्द आम्ही पाळला आहे. गाडी बरी होती. तिच्या भोवतीची व्यवस्था तेवढी बरी करावयाची आहे, आणि ते काम आपणा सर्वांचे आहे.